मागं वळून बघायचं न्हाई!

मी एकदा भर समुद्रात जहाज थांबवलं आहे.

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. साताऱ्यात माझं मोटर-पंपाचं आणि पाइपांचं दुकान आहे. एखाद्याच्या विहिरीवरचा चालू पंप दुरुस्त करायला जाऊन बंद पाडणं, इथवरच माझी मजल. पण ज्याच्या पोटात नाटकगृह, पोहण्याचा तलाव आणि गरम जिलेबीचा काउंटर आहे असं अख्खं जहाज एका नारळाने थांबवता येतं, हे मलाही ठाऊक नव्हतं. नारळ आमच्या आईचा, कुंची सासूबाईंची. फेकणारा हात तेवढा माझा. त्यामुळे पुढच्या सगळ्या चौकशीत नाव कुणाचं आलं, हे वेगळं सांगायला नको!

सुरुवात कंपनीने केली. त्या उन्हाळ्यात पंप बरे खपले, म्हणून कंपनीने आम्हा दुकानदारांना मुंबई-गोवा-मुंबई अशी क्रूझची सहल दिली. एका खोलीत चार मोठी माणसं आणि एक मूल. मी, माझी बायको शुभांगी आणि आमचा दोन वर्षांचा विराज एवढे धरून दोन जागा उरल्या. घरात लहान मूल असलं की अशा उरलेल्या जागा कुणाच्या, हे आधीच ठरलेलं असतं. आमची आई वाईजवळच्या खेड्यात, उसाच्या रानात आयुष्य काढलेली. सासूबाई सांगलीच्या, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. एकीला नेलं असतं तर दुसरीने वर्षभर तोंड फुगवलं असतं, म्हणून दोघींना नेलं. (शहाण्या माणसाने कंपनीकडून सहलीऐवजी एखादा मिक्सर मागून घेतला असता. पण शहाणी माणसं पंपाच्या धंद्यात पडत नाहीत.)

दोघी विहिणींचं एकमेकींशी अतिशय गोड होतं. इतकं गोड, की ऐकणाऱ्याला भीती वाटावी.

“विहीणबाई, तुमी बसा की खिडकीपाशी,” आई गाडीत बसताना म्हणाली.

“छे छे, तुम्ही मोठ्या. तुम्ही बसा.”

“मोठी कशानं? गुडघं तर तुमचं दुखत्यात न्हवं?”

“दुखायचे. आता नाही दुखत. मी रोज चालते ना!”

मुंबई येईपर्यंत खिडकीपाशी कुणीच बसलं नाही. तिथे आईच्या भाकऱ्यांचं गाठोडं आणि सासूबाईंचा भडंगाचा डबा शेजारी शेजारी बसून आले. बोटीवर जेवण मिळतं हे मी दोघींना परोपरीने सांगितलं होतं. “मिळत आसंल,” आई म्हणाली, “पन जेवल्यागत वाटाया पायजे का नगं?”

आता विराजविषयी थोडं सांगायला हवं. त्याला तेव्हा दोन गोष्टींचा नाद होता. एक म्हणजे संधी मिळताच अंगावरचे सगळे कपडे काढणं आणि दुसरी म्हणजे लपणं. धुण्याची टोपली, पडद्यामागची जागा, माझ्या दुकानातलं पंपाचं रिकामं खोकं, काहीही चालायचं. एकदा लपला की तो हूं की चूं करत नसे. तुम्ही घसा फोडून हाका मारा, तो श्वास रोखून बसणार! या खेळाचा शेवट करण्याची रीत आमच्या आईने घालून दिली होती. हरणाऱ्याने जमिनीवर फतकल मारायची, तोंड ओंजळीत घ्यायचं आणि “हरवलं गं बाई आमचं बाळ!” म्हणून भोकाड पसरायचं. मग स्वारी “भॉक!” करून बाहेर. नुसतं “हरलो बुवा” म्हटलेलं त्याला चालत नसे. रडणं हवंच. आई हे रडणं फार सुंदर करायची. माझं जरा बेताचंच होतं.

बंदरावर आमच्या पिशव्या तपासणीच्या यंत्रातून गेल्या आणि विराजच्या डायपरच्या पिशवीत काहीतरी गोल दिसलं.

“ये क्या है?” तिथल्या पहारेकऱ्याने विचारलं.

“द्येवाचा हाय,” आई म्हणाली.

एवढ्यावर त्याने हात जोडले आणि पिशवी पुढे सरकवली. मीही जास्त खोलात शिरलो नाही. आईच्या पिशवीतल्या वस्तूंच्या खोलात शिरायचं नाही, हा आमच्या घरचा जुना नियम आहे.

जहाज सुटलं आणि शुभांगीला बोट लागली. जहाजाने बंदर सोडायचा अवकाश, ती खोलीत आडवी झाली आणि लिंबू नाकाशी धरून म्हणाली, “अहो, विराजला घेऊन जरा वर जा. आणि त्याच्यावर लक्ष ठेवा हं.”

“तिघं आहोत की आम्ही,” मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

डेकवर मजा होती. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता, तलावाच्या बाजूला माणसं आरामखुर्च्यांवर पसरली होती. सासूबाईंनी आपल्या हाताने भरतकाम केलेली लालभडक कुंची विराजच्या डोक्यावर चढवली होती, कारण समुद्राचं वारं कानात जातं. (दोन वर्षांच्या घोड्याला कुंची होत नाही, हे त्यांना सांगायचं धाडस कोणातच नव्हतं.) मी जिलेबीच्या काउंटरचा अंदाज घेत होतो. तेवढ्यात आईने पिशवीतून नारळ काढला.

“आई, हे काय?”

“काय म्हंजे? पोरगं पयल्यांदाच एवढं पानी वलांडतंय. आन तसंच जायचं व्हय? कृष्णामाईच्या पुलावर आपन नाणं टाकतोय का न्हाई? ही तर तिच्या सासरची वाट!”

(कृष्णामाई पूर्वेकडच्या समुद्राला मिळते आणि आम्ही पश्चिमेकडच्या समुद्रात होतो. पण ज्या बाईने मला कान धरून शाळेत नेऊन बसवलं, तिला भूगोल शिकवणारा मी कोण?)

“अगं, इथं पाटी लावलीय. समुद्रात काहीही टाकू नये म्हणून.”

“पाटी आत्ता लागली. समुद्र कवाचा हाय?”

मी मोठ्या आशेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या शहरातल्या, जुन्या मॅट्रिक झालेल्या, त्या तरी हे थांबवतील. सासूबाईंनी सगळी रीत ऐकून घेतली. पोराच्या अंगातलं झबलं काढायचं, नारळाला घालायचं, पोरावरून ओवाळायचं आणि पाण्याला द्यायचं. म्हणजे पोराची इडापिडा झबल्याबरोबर पाण्यात जाते आणि पोराच्या वाटेला पाणी जात नाही. मग सासूबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “रीत अगदी बरोबर आहे. पण त्यात आजोळचं काहीच नको का?”

आणि त्यांनी विराजच्या डोक्यावरची कुंची काढली.

संपलं! जिथे दोन विहिणी एक होतात, तिथे जावयाने बाजूला उभं राहून पाइप मोजावेत.

कपडे काढायला घरच्यांनीच सांगण्याची विराजची ही पहिलीच वेळ. त्याने झबलं इतक्या तत्परतेने काढून दिलं की डायपरही काढायला निघाला होता, तो आईने थांबवला. मग नारळ झबल्यात बसला, झबल्याच्या बाह्या दोन बाजूंना लोंबल्या, वरून कुंची आली आणि नाडी हनुवटीखाली, म्हणजे नारळाला हनुवटी जिथे असती तिथे, व्यवस्थित बांधली गेली. कुंचीतून नारळाचे डोळे बाहेर बघत होते. खरं सांगतो, काही नातेवाइकांच्या बाळांपेक्षा तो उजवा दिसत होता.

आईने विराजला खाली उभं केलं, नारळाला हळदकुंकू लावून तो पुटपुटत ओवाळला आणि माझ्या हातात दिला.

“टाक. आन आता तिघांनीबी ध्यानात ठेवा. टाकलं की सरळ खोलीकडं चालायचं. मागं वळून बघायचं न्हाई. कायबी झालं तरी न्हाई!”

कॉलेजात मी गोळाफेक करायचो. जिल्ह्यापर्यंत गेलो होतो. त्या वेळी उपयोगी न पडलेलं सगळं कसब त्या संध्याकाळी कामाला आलं. मी नारळ दोन्ही हातांनी धरला, कमरेत एक झोका घेतला आणि दिला भिरकावून! वारा कुंचीत शिरला, ती फुगली, झबल्याच्या दोन्ही बाह्या पसरल्या. आता वरच्या मजल्यावरून हे दृश्य कसं दिसलं असेल? तिथे उभ्या असलेल्या एका बाईंनी मला नंतर ते अभिनयासह करून दाखवलं. एक आडदांड बाप, शेजारी दोन बायका, आणि बाप आपलं लाल कुंचीतलं तान्हं बाळ झोका देऊन समुद्रात टाकतोय. आणि टाकून झाल्यावर तिघं खांदे ताठ करून, एका रांगेत, शांतपणे चालू लागतात!

त्या बाई किंचाळल्या. नुसत्या किंचाळल्या नाहीत, त्यांनी आरोळीच ठोकली.

“आई,” मी चालता चालता म्हणालो, “कोणीतरी ओरडतंय.”

“बघू नगंस! आसंच आस्तंय. मागं बघाया लावाया कोन ना कोन हाका मारतंयच.”

“अगं, पण खरंच ओरडतंय ते.”

“खऱ्यावानी वाटाया पायजे, त्याबिगर कोन वळंल?”

मागून शिट्टी वाजली. धावण्याचे आवाज आले. “ओ भाईसाब! रुको! रुको!”

“आता तर हिंदीतनं बोलवाया लागलं,” आई म्हणाली. “चला विहीणबाई, बिगीबिगी!”

आई पुढे, तिच्यामागे सासूबाई, शेवटी मी. लिफ्टही नको म्हणाली आई, कारण लिफ्टमध्ये शिरलं की माणूस तोंड दाराकडे करून वळतो. आम्ही जिने उतरलो. खोलीपाशी पोचलो. शुभांगीने लिंबू हुंगत दार उघडलं. तिने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या पायांकडे पाहिलं.

“विराज कुठाय?”

“विहीणबाईंकडं हाय की,” आई म्हणाली.

“माझ्याकडे? मी कुंची काढली आणि तुमच्याकडेच तर दिला!”

“मी ववाळाया खाली उबा केला. म्हनलं बापाचं बोट धरलं आसंल.”

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. त्यांना हळदकुंकू लागलं होतं. बाकी काही नव्हतं.

मग मी मागे वळून पाहिलं. लांबलचक बोळ होता, दोन्हीकडे बंद दारं होती, आणि माणूस नव्हता.

त्याच वेळी भोंगा झाला. पायाखालची जमीन थरथरली, जहाजाचा वेग कमी व्हायला लागला आणि छतातल्या कर्ण्यातून एक शांत आवाज आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत म्हणाला, की एक लहान मूल पाण्यात पडल्याचं कळलं आहे.

जिला मान उचलवत नव्हती ती शुभांगी अनवाणी धावत सुटली. मी तिच्यामागे. पडलाय तो नारळ आहे, हे मी धावता धावता स्वतःला बजावत होतो. मीच टाकलाय. पण आम्ही पोराला कठड्यापाशी उभं करून आलो होतो. नारळ पडला तेव्हा एक बाई ओरडली. त्यानंतर कोण ओरडलं आणि कशासाठी, हे आम्ही तिघांनी वळून पाहिलंच नव्हतं.

जिन्यात सुरक्षा अधिकाऱ्याने मला अडवलं. उंचापुरा माणूस, सोबत आणखी दोघं.

“आपने बच्चे को पानी में फेंका?”

“नहीं! नारियल को फेंका!”

“नारियल ने कपड़े पहने थे?”

“हाँ!”

“टोपी भी?”

“टोपी नहीं, कुंची!” मागून सासूबाई धापा टाकत म्हणाल्या.

त्याने एक खोल श्वास घेतला. “ठीक है. बच्चा दिखाइए.”

“वही तो ढूँढ रहा हूँ!”

या प्रसंगी देता येण्यासारखं यापेक्षा वाईट उत्तर जगात नसेल. सोबतच्या दोघांनी माझे दंड धरले. सासूबाई मात्र जावयासाठी पदर खोचून पुढे झाल्या. “आमचे जावई असं करणार नाहीत हो! घरातला कचरा टाकायचा तर त्यांना दहादा सांगावं लागतं!” एवढं चांगलं प्रशस्तिपत्र मला सांगलीकडून आजवर मिळालेलं नव्हतं. पण त्याचा परिणाम झाला नाही. त्यांनी मला तसंच दंडाला धरून वर नेलं.

वर सगळं जहाज जमलं होतं. आरामखुर्च्या सोडून माणसं कठड्याला चिकटली होती. खाली एक नारिंगी होडी पाण्यात उतरवली होती आणि ती मागे, जिथे आम्ही नारळ दिला त्या दिशेने चालली होती. कर्ण्यातून “विराज! विराज बेटा!” अशा हाका सुरू झाल्या. ओळख ना पाळख, शेकडो माणसं माझ्या पोराला नावाने हाका मारत होती. कोणी खुर्च्यांखाली बघत होतं, कोणी तलावात, कोणी जिलेबीच्या काउंटरमागे.

अधिकारी शुभांगीला समजावत होता, की कठडा उंच आहे, काच आहे, एवढं मूल चढूच शकत नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून ती पाण्याकडे एकटक बघत होती. विराज माझ्या दुकानात पंपांच्या खोक्यांवरून माळ्यापर्यंत चढतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तिच्याजवळ गेलो तर तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि आमची आई, जिला मी आयुष्यात कधी हार मानताना पाहिलं नाही, ती एका खुर्चीच्या कडेला बसली होती. “मीच म्हनलं मागं बघू नगा. माझीच जीभ झडू दे. माझंच चुकलं बगा, विहीणबाई.”

सासूबाई तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. “एकट्या तुमचं नाही हो. कुंची कुणी दिली? मीच ना?”

तेवढ्यात लांब त्या होडीतल्या माणसाने वाकून पाण्यातून काहीतरी उचललं आणि हात वर केला. त्याच्या हातात लाल काहीतरी होतं.

सगळ्या डेकवरून एकदम “आऽऽ” असा आवाज उठला आणि बंद झाला.

त्यात नारळ आहे हे मला माहीत होतं. कपडे घातलेला नारळ. मीच टाकलेला. पण मघाशी ती कुंची विराजच्या डोक्यावर होती. मघाशी तो त्या कुंचीची नाडी चघळत होता. तिथे एक वापरलेल्या टॉवेलांची भली मोठी वेताची टोपली होती, तिला टेकून मी खाली बसलो, तोंड ओंजळीत घेतलं आणि मोठ्याने रडलो. लोक बघतायत, फोन रोखून उभे आहेत, कशाची लाज वाटली नाही. “हरवलं,” मी म्हणत होतो, “आमचं बाळ हरवलं...”

पाठीमागे टोपली हलली.

“भॉक!”

टॉवेलांच्या ढिगातून आधी एक हात आला, मग ओलं डोकं, मग अख्खा विराज. डायपरही काढून टाकलेला! चेहऱ्यावर असा आनंद, की त्याच्या जन्मात लपाछपीचा एवढा मोठा डाव कुणी मांडला नव्हता. सगळं जहाज त्याला शोधत होतं, कर्ण्यावरून हाका मारत होतं, आणि कुणालाही खेळाचा साधा नियम ठाऊक नव्हता. शेवटी बाबा नीट रडला, तेव्हा कुठे त्याला बाहेर येता आलं.

त्याने माझ्या ओल्या गालांवर हात फिरवला, ते खरंच ओले आहेत याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, “बाबा, पुन्ना!”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शुभांगीने झडप घालून त्याला उचललं, त्याचे इतके मुके घेतले की तो कावला, आणि मोकळ्या हाताने माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. त्या धपाट्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं क्वचितच कशाने वाटलं असेल. आईने विराजच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. सासूबाईंनी लगेच दुप्पट मोडली. डेकवर टाळ्या पडल्या. वरच्या मजल्यावरच्या त्या बाई खाली येऊन शुभांगीच्या गळ्यात पडून रडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाईसाब, तुमको मैंने मन में बहुत गाली दी.” मी म्हटलं, “देना चाहिए था.”

थोड्या वेळाने होडी परत आली आणि माझा नारळ कुंचीसकट माझ्यासमोर टेबलावर ठेवण्यात आला. जहाजाचे कप्तान स्वतः आले होते. त्यांनी नाडी सोडली, कुंची बाजूला केली, नारळाकडे पाहिलं, नारळाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला अत्यंत सभ्य शब्दांत झाडलं. समुद्रात काहीही टाकायचं नसतं. सगळ्या प्रवाशांचा खोळंबा झाला. त्यांच्या माणसांना उगाच पाण्यात उतरावं लागलं. सगळं खरं होतं. मी मान खाली घालून ऐकलं. माफी मागितली. होडीतल्या माणसांपाशी जाऊनही मागितली. जाता जाता कप्तान थांबले आणि म्हणाले, “और आगे कभी फेंकना ही पड़े, तो कम से कम कपड़े पहनाकर मत फेंकिए.”

“दिलेलं परत आलं हो,” सासूबाई नारळाकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या. “घेतलं नाही म्हणायचं का?”

आईने नारळ उचलला, पदराने पुसला. “न्हाई वो. पोरगं दिलं आन वर नारळबी दिला. लय मोठ्या मनाचा हाय.” आणि तिने समुद्राला नमस्कार केला. खरं सांगायचं तर मीही केला. पाटी बघून, लांबूनच.

उरलेली सहल मी ‘नारियलवाले अंकल’ या नावाने पार पाडली. जिलेबीच्या काउंटरवर मला रांगेत उभं राहावं लागलं नाही, लोकच पुढे जाऊ द्यायचे. आमच्या जवळपास जहाजाचा एक ना एक माणूस कायम उभा असायचा आणि मी कठड्याकडे पाऊल टाकलं की खोकायचा. मुलं मला बघून आईबापांच्या मागे लपत. फोटो काढून घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना नारळही हवा असायचा.

दोघी विहिणींचं मात्र त्या दिवसापासून खरंच जमलं. पहिल्यासारखं गोड नाही राहिलं, बरं झालं. आता दोघी एकमेकींना तोंडावर बोलतात, भाकरी आणि भडंग एका ताटात घेऊन बसतात. तो नारळ सांगलीला गेला, तिथे सासूबाईंनी त्याच्या वड्या केल्या आणि निम्म्या वाईला धाडल्या. आता वाई-सांगली रोज फोन असतो. विषय बहुतेक मीच असतो.

गोष्ट खरं तर इथे संपायला हवी. पण विराजच्या लेखी ती संपलेली नाही.

त्या सहलीनंतर घरचं जुनं रडणं त्याला पटेनासं झालं. आईने आपलं ते सुंदर रडणं करून पाहिलं, शुभांगीने करून पाहिलं, तो आपला लपलेलाच. परवा दुकानात गिऱ्हाइकं होती, कंपनीचे साहेब नव्या वर्षाचं टार्गेट सांगायला समोर येऊन बसले होते, आणि विराज पंपाच्या रिकाम्या खोक्यात शिरून बसला. हाका मारून झाल्या. शेवटी मी साहेबांची माफी मागून खाली फतकल मारली, तोंड ओंजळीत घेतलं आणि “हरवलं गं बाई आमचं बाळ!” केलं.

खोक्यातून आवाज आला, “अशं नाय.”

“मग कसं रे?”

“बोतीतलं लद!”

बोटीतलं रडणं काय असं मागितल्याबरोबर येतं होय! मी बरीच खटपट केली. डोळे चोळले, हुंदका काढला, खोकं हललं नाही. गिऱ्हाइकं हसायला लागली. साहेबही हसले आणि माझा उत्साह वाढावा म्हणून म्हणाले, “अहो, यंदाचं बक्षीस ऐकलंत का? टार्गेट पूर्ण केलंत तर आठवडाभराची क्रूझ, घरातल्या सगळ्यांना!”

आणि काय सांगू, बोटीतलं रडणं मला लगेच आलं.